बाटली बदलल्यापासून

राजाबाईनं पेढ्यांचा डबा माहेरच्या ओसरीवर सगळ्यांच्या मधोमध ठेवला आणि झाकण काढलं. डबा अर्धा रिकामा होता.

"उद्या पोरीचा साखरपुडा. पाव्हण्यांच्या हातावर काय ठेवू मी? झाकण?"

भाजी निवडणाऱ्या बायांचे हात थांबले. जिचा साखरपुडा होता ती राजाबाईची लेक मेघा, मेंदीचे हात वर धरून दारातच उभी राहिली. सगळ्यांच्या नजरा आधी सोनियाकडं गेल्या आणि तिच्यावरून घसरत तिच्या लेकीवर जाऊन बसल्या.

प्रेरणा खांबाला टेकून बसली होती. तेरा वर्षांची पोर, पण तीन दिवसांत गाल आत गेले होते, ओठांना पापुद्रे आले होते. मांडीवर पाण्याचा तांब्या होता. घोट घेत होती आणि पुन्हा घेत होती.

"मी नाही खाल्ले," ती म्हणाली.

"मी घेतलं का तुझं नाव?"

"नाव नाही घेतलं. बघताय तर माझ्याकडंच ना, आत्या."

"जीभ बघा," राजाबाई बाकीच्यांना म्हणाली. "आजारी माणसाची जीभ कधी आजारी पडत नाय."

दोन-तीन बाया हसल्या. सोनिया हसली नाही. सकाळी मशीनवर लेकीचा आकडा चारशेच्या पुढं गेलेला तिनं पाहिला होता. आदल्या दिवशी तीनशेच्या वर, त्याच्या आदल्या दिवशी त्याहून थोडा कमी. सुया तर वेळेवर टोचल्या होत्या, भाकरी मोजून दिली होती. आणि काल सगळे झोपल्यावर सोनियानं लेकीचं दप्तर उलटं केलं होतं. चॉकलेटचा एखादा कागद सापडतो का, हे बघायला. कागद सापडला नव्हता. पण आईनं लेकीचं दप्तर उलटं करावं ही गोष्ट तिला सकाळपासून खुपत होती, आणि आता नणंदेनं तेच काम चारचौघांत केलं होतं.

"आक्का, पोर नाय म्हणती ना," ती हळू आवाजात म्हणाली.

"मग आकडा कशानं वाढला गं? हवा खाऊन?" राजाबाई तिच्यापाशी येऊन बसली. आवाज खाली आला, माया वर आली. ती भांडणापेक्षा अवघड होती. "सोनिया, मी काय तिची दुश्मन हाय? मागल्या पोळ्याला ती दवाखान्यात श्वास ओढत पडली, तव्हा दारात कोण बसलं होतं? मीच. पण वरीस झालं. रोज चार-चार सुया. अन् आता तर सुई लागूच व्हईना. म्हणून म्हणते, जीप दाराशी उभी हाय. सोयगावच्या डोंगराला तो बाबा आज बसतो, परत पुढच्या अमावास्येलाच. मुळी देतो. माझ्या जावंच्या भावाच्या शेजारणीची शुगर त्यानं पार घालवली."

"अन् अट काय हाय त्याची?"

"अट एकच. मुळी घेतली की त्या दिवसापासून सुई बंद."

सोनियानं मान खाली घातली. नाही म्हणाली नाही. प्रेरणानं तिच्याकडं पाहिलं आणि तांब्या खाली ठेवला. आई नाही म्हणाली नाही, एवढंच तिला ऐकू आलं.

*

पुंजाराम गोठ्यात म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. ओसरीवरचं सगळं त्याला ऐकू येत होतं. पेढ्यांचं नाव निघालं तेव्हा त्याचा हात आपोआप मिशीकडं गेला.

त्यालाही शुगर होती. पंधरा वर्षांपासून. सकाळी एक गोळी, वर जांभळाच्या बियांची पूड, आणि पहाटे बिडकीनच्या रस्त्यानं फेरी. एवढ्यावर तो धडधाकट होता आणि हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे. नातीला सुया लागल्या तेव्हा त्याला पहिल्यांदा वाटलं ते हेच, की ही आजकालची डॉक्टरं. आमच्यासारखं पायी चालवलं असतं पोरीला तर सुईची गरज पडली नसती. त्यानं तसं सुनेला बोलूनही दाखवलं होतं. तेव्हा सोनिया धार काढत होती. बादली बाजूला सरकवून तिनं उत्तर दिलं होतं.

"आबा, तुमची म्हैस दूध कमी देती. पेंड बदलली, चालवली-फिरवली की देती थोडं जास्त. हिची आटली. आता कितीबी पेंड घाला, घरात दूध पाहिजे तर बाहेरूनच आणावं लागंल. सुई म्हणजे ते बाहेरचं दूध."

"आटलेली म्हैस व्याल्यावर पुन्हा देतीच की."

"ही नाय देणार, आबा," सोनिया म्हणाली होती, आणि पुन्हा धारेला बसली होती. पुढं दोघांपैकी कुणीच तो विषय काढला नव्हता.

पण आज राजाबाई जीप घेऊन आली तेव्हा त्याच्या मनात पुन्हा आलं होतं की जाऊ द्यावं एकदा. मुळीनं जमलं तर जमलं. लेकीला त्यानं सकाळीच मान हलवून होकार दिला होता. राजाबाई त्या होकाराच्या जोरावरच बोलत होती.

आणि आता तीच लेक त्याच्या नातीला चोर ठरवत होती.

तो ओसरीवर आला. बायांनी पदर सावरले.

"राजा, डबा झाक. पेढे मी खाल्ले."

साळूबाई चुलीपुढं बसली होती, तिनं मागं वळून नवऱ्याकडं पाहिलं. "काय म्हणले?"

"परवापासून. जाता-येता. एक-एक."

"एक-एक करून अर्धा डबा?"

"लई वेळा जाणं-येणं झालं."

आता मात्र सगळ्या बाया हसल्या, मेघाला तर मेंदीच्या हातांनी तोंडही झाकता येईना. साळूबाई हसली नाही. "अन् ती जांभळाची पूड? ती पेढ्यावर भुरभुरून खाता का?"

पुंजाराम प्रेरणाच्या शेजारी जाऊन बसला, जिथं इतका वेळ कुणीच बसलं नव्हतं. तिच्या डोक्यावर हात ठेवावा असं त्याला वाटलं, पण पेढ्याच्या हातानं ते बरं दिसलं नसतं.

"मशीन आण तुझं," तो म्हणाला. "आधी माझं बोट टोच. बघू दे सगळ्यांना चोराचा आकडा."

"नको आबा," प्रेरणा म्हणाली. "पट्ट्या महाग असतात."

*

राजाबाई हरणाऱ्यांतली नव्हती. बाप उलटला हे तिला लागलं, पण मुद्दा तिच्याच हातात होता.

"बरं. पेढे नाय खाल्ले पोरीनं. मी शब्द मागं घेते. मग आता तर सरळच झालं की. गोड खाल्लं नाय, सुई चुकली नाय, तरी आकडा चढतोय. याचा अर्थ काय? सुई लागू व्हईना. चल गं सोनिया, कपडे भर तिचे."

सोनिया उठली. कपडे भरायला की आणखी कशाला, हे तिलाही नीट ठाऊक नव्हतं.

प्रेरणा डोळे मिटून बसली होती. तिचं डोकं दुखत होतं. पण दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी तिला एक सवय लावली होती. आकडा चुकला की रडायचं नाही, मागं जायचं. काय खाल्लं, किती खेळलीस, ताप होता का, सुई एकाच जागी टोचलीस का. कुठून बदललं ते शोधायचं. ती मागं गेली. ताप नाही. खेळ नाही. सुईची जागा रोज बदललेली. मंगळवारपर्यंत सगळं ठीक होतं, मंगळवारी रात्री भाजी-भाकरी खाऊनसुद्धा आकडा छान होता. बुधवारी...

तिनं डोळे उघडले.

"आई, बुधवारी बाटली बदलली."

"बदलली की. जुनी संपली व्हती."

"दोन्ही बदलल्या. जेवणाची अन् रातची. तव्हापासून चढतंय."

"काल दुसरी फोडून पाहिली ना आपण. नव्यातली नवी."

"त्याच डब्यातली," प्रेरणा म्हणाली. "सगळ्या त्याच डब्यातल्या." ती आता ताठ बसली. "फ्रिजमधला माझा डबा कुणी हलवला होता का?"

"मी," राजाबाई लगेच म्हणाली. तिला लपवायचं काही नव्हतंच, उलट सांगायला बरं वाटलं. "रविवारी पेढ्यांचा खवा ठेवायला फ्रिज रिकामा केला मी. तुझी औषधं काय उघड्यावर टाकली नाय बरं का. दारातल्या चालू बाटल्या तेवढ्या राहू दिल्या, बाकीची दूध केंद्रावरच्या डीप फ्रिजात ठेवली, पार तळाला, पनीराखाली. दोन दिवस. काढली तव्हा दगडासारखी झाली व्हती. इतकी जपून ठेवली."

"गोठली होती?" प्रेरणानं विचारलं.

या घरात तीन पिढ्या दुधावर जगल्या होत्या. उन्हाळ्यात बर्फाची लादी वेळेवर आली नाही तर दुधाचे कॅन नासायचे आणि महिन्याची कमाई नाल्यात जायची. थंड ते चांगलं, जितकं थंड तितकं चांगलं, हे या घरात कुणी शिकवत नसे, ते अंगातच होतं. राजाबाई दहाव्या वर्षापासून बर्फ फोडत आली होती. तिनं पोरीच्या औषधाला घरातली सगळ्यात मानाची जागा दिली होती.

साळूबाई चुलीपासून उठली. फ्रिज उघडून तिनं काल फोडलेली रातची बाटली काढली. दूध बघावं तशी उजेडात तिरपी धरून पाहिली. मग प्रेरणाच्या हातात दिली.

"माझे डोळे गेले. पण मला हे दाणे पडल्यावानी दिसतंय. गोठलेलं दूध तापवलं की पडतात तसे."

"ही थोडी धुरकट नसती का?" पुंजारामनं विचारलं.

"ही नसती आबा. ही पाण्यासारखी स्वच्छ असती." प्रेरणानं बाटली डोळ्यांजवळ नेली. तळाशी बारीक कण फिरत होते. तिनं जेवणाची बाटली पाहिली. ती मात्र स्वच्छ दिसत होती. तिच्यावर बघून कुणालाच काही कळलं नसतं.

"आई, मॅडमला फोन लाव."

*

मॅडमचा आवाज मोबाइलमधून सगळ्या ओसरीभर पसरला. "एकदा गोठलेलं इन्सुलिन गेलं. वितळलं, स्वच्छ दिसलं, तरी गेलं. तीन दिवस तिला जवळजवळ पाणीच टोचलं गेलंय. सगळ्या बाटल्या टाकून द्या." मग त्यांनी लघवीची पट्टी बघायला सांगितली. पट्टीचा रंग किंचित बदलला होता, फार नाही. उलटी होते का, पोट दुखतं का, श्वास जोरात चालतो का, हे त्यांनी एकेक विचारलं. नाही, नाही, नाही. "मग ऐका. ताजी बाटली आणा, मी सांगते तेवढं द्या, पाणी पाजत राहा, तासातासाला मोजून मला कळवा. आकडा उतरला नाही, पट्टी गडद झाली, किंवा उलटी झाली, तर एक मिनिट थांबायचं नाही. सरळ संभाजीनगरला घेऊन यायचं. गाडी आहे?"

सोनियानं दाराकडं पाहिलं. राजाबाईची जीप तोंड रस्त्याकडं करून उभी होती.

"आहे," ती म्हणाली. "दाराशीच आहे."

मग तिनं नवऱ्याला फोन लावला. अजिनाथ कंपनीतून सुटून घरीच निघाला होता. "अहो, बिडकीनच्या मेडिकलवरून दोन्ही बाटल्या घेऊन या. फ्रिजमधल्या मागा. अन् बर्फात घालू नका. खिशात आणा."

"खिशात?"

"थेट बर्फावर नाही, एवढं ध्यानात ठेवा. घरी आल्यावर सांगते."

फोन ठेवून ती नणंदेकडं वळली. एरवी ती राजाबाईपुढं पदराचं टोक बोटाला गुंडाळत बोलायची. आज दोन्ही हात मोकळे होते.

"आक्का, जीप सोयगावला जाणार नाय. उद्याबी नाय, पुढच्या अमावास्येलाबी नाय. ती आज रातभर इथंच उभी राहील. लागली तर पोरीला शहरात न्यायला."

राजाबाईनं बापाकडं पाहिलं. बाप नातीच्या शेजारी बसून होता, उठला नाही. तिनं आईकडं पाहिलं. साळूबाई गोठलेल्या बाटल्या मोरीत ओतत होती.

राजाबाईनं कमरेची किल्ली काढली आणि सोनियाच्या हातात दिली.

*

अजिनाथ आला, सुई टोचली गेली, आणि मग वाट बघणं सुरू झालं. घरात निवडणुकीच्या मोजणीसारखी माणसं जमली. भाजी निवडायची तशीच राहिली. शेजारचा फकिरा दूध घालायला आला होता, तोही कॅन बाजूला ठेवून उंबऱ्यावर बसला.

राजाबाई आत कोठीत जाऊन बसली होती. तिला रडू येत नव्हतं आणि येत नाही याचाच राग येत होता. मागल्या पोळ्याच्या आधी हीच पोर माठाशी बसून राहायची, रात्री अंथरूण ओलं करायची, दिवसेंदिवस वाळत चालली होती. उन्हाळी लागली म्हणून राजाबाईनंच तिला साखरेचं पाणी पाजलं होतं, तांब्या-तांब्यानं. तेव्हा कुणी तिला दोष दिला नाही, कारण तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. पण आता वर्षभर ठाऊक असूनही तिनं कधी विचारलं नव्हतं. ही बाटली कशी ठेवायची, कुठं ठेवायची. विचारायचं म्हणजे भावजयीला विचारायचं होतं, आणि ते तिच्यानं झालं नव्हतं.

बाहेरून अजिनाथचा आवाज आला. "तीनशे साठ."

"उतरतंय," कुणीतरी म्हणालं.

"थांबा, एका फेरीनं कुणी निवडून येत नसतं," फकिरा म्हणाला.

पुढच्या मोजणीला ती दारापर्यंत आली. प्रेरणा आता खांबाला टेकलेली नव्हती. मांडी घालून बसली होती आणि आजोबांना आपलं बोट कुठं टोचायचं ते दाखवत होती. "मधोमध नाही आबा, बाजूला. बाजूला दुखत नाही." थेंब पट्टीला लागला. मशीननं आवाज केला.

"दोनशे नव्वद!" मेघानंच ओरडून सांगितलं. तिची मेंदी कधीच वाळून खाली सांडली होती.

त्यानंतरच्या मोजणीला आकडा दोनशेच्या खाली आला आणि पट्टीचा रंगही फिका झाला. पुंजारामनं मांडीवर हात मारला आणि एकदम सगळीच माणसं बोलायला लागली. सोनिया मात्र लेकीकडं बघत होती. प्रेरणानं तांब्या बाजूला सरकवला होता. सकाळपासून पहिल्यांदा. "आई, भूक लागली," ती म्हणाली, आणि सोनियाला ते आकड्यापेक्षा खरं वाटलं.

तिनं ताट वाढलं. लेकीपुढं ठेवताना तिनं खाली वाकून तेवढंच सांगितलं, "काल मी तुझं दप्तर उघडलं व्हतं."

"माहिती आहे," प्रेरणा म्हणाली. "पुस्तकं उलटी लावलीस तू." आणि भाकरी मोडली.

*

दुसऱ्या दिवशी पाहुणे वेळेवर आले. नवे पेढे आणले होते आणि साळूबाईनं त्या डब्याची किल्ली स्वतःच्या गळ्यात घातली होती. पुंजाराम नव्या फेट्यात व्याह्यांशेजारी बसला होता, आणि डबा हलला की त्याचे डोळे हलत होते.

प्रेरणा मेघाच्या मागं करवली म्हणून उभी राहिली. पिवळं परकर-पोलकं, कमरेला मशीन-सुयांची छोटी कापडी पिशवी. अंगठी घातली गेली, ओट्या भरल्या, पेढ्यांचं ताट फिरलं. ते करवलीपुढं आलं तेव्हा मुलाच्या आईनं हात थोडा मागं घेतला. कानावर आलं असावं.

"हिला चालतं का? आमच्या ऐकण्यात आलं, शुगर आहे म्हणून. एवढ्याशा पोरीला..."

सोनिया पुढं यायला निघाली. पण त्याआधी राजाबाई तिथं होती. तिच्या हातात मातीचं बुटकं मडकं होतं, वर ओलं फडकं बांधलेलं. सकाळपासून ते तिनं कुणाला हात लावू दिलं नव्हतं. लाइट गेली तरी यात बाटली गार राहते आणि गोठत नाही, हे काल झोपायच्या आधी तिनं भावजयीकडून दोनदा विचारून घेतलं होतं.

"आहे शुगर," राजाबाई खणखणीत आवाजात म्हणाली. सगळ्या मांडवानं ऐकलं. "लहानपणची. मोठ्यांची वेगळी, हिची वेगळी. माझ्या आबाला गोळी पुरती, त्यांना पेढा देऊ नका. हिला द्या. ती सुई घेऊन खाती, मोजून खाती, अन् आमच्या घरात तिच्याएवढं मोजून खाणारं दुसरं कुणी नाय."

"अगं राजा," पुंजाराम पुटपुटला, पण व्याही हसत होते.

राजाबाईनं फडकं सोडलं, मडक्यातली बाटली दोन बोटांत अलगद उचलली आणि आधी उजेडात तिरपी धरून पाहिली. पाण्यासारखी स्वच्छ होती. मग ती भाचीपुढं धरली.

"एका पेढ्याला किती घ्यायचं, प्रेरणा?"

प्रेरणानं ताटाकडं पाहिलं. पेढे मोठे होते.

"थांबा आत्या," ती म्हणाली. "दोन घेते. दोनाचं सांगते."